हिरवळ पिवळी कां पडते?

भाद्रपदांत गणपतीसाठीं दूर्वा खुडावयास बसलें म्हणजे एकवीस जुड्या हां हां म्हणतां होतात. त्याच दूर्वा माघांतील गणेशजयंतीस हव्या असल्या, तर बागेच्या कोपऱ्यांत वांकून शोधाव्या लागतात. आणि मिळतात त्याही आंखूड व निस्तेज. माघांत पाऊस नसतो म्हणून असें होतें, असें कोणी म्हणेल. परंतु नळाजवळच्या ओल्या जागेंतही हाच अनुभव येतो. तेव्हां कारण एकट्या पाण्याचें नाहीं. तें उष्णतेचेंही आहे. धाराशिवसारख्या गांवीं, जेथें पाण्याची घागर मोजून वापरावी लागते, तेथें हा भेद प्रत्येक घरानें समजून घेण्याजोगा आहे.

दूर्वा आणि हरळी हीं एकाच गवताचीं दोन नांवें. आपल्या अंगणांतील हिरवळ बहुधा हरळीचीच असते. हवेंत २७ ते ३५ अंश सेंटिग्रेड उष्णता असतां हरळी सर्वांत जोमानें वाढते. पारा १५ अंशांच्या खालीं उतरूं लागला कीं ती मंदावते, आणि रात्रीमागून रात्र तो १० अंशांजवळ गेला कीं वाढ जवळजवळ थांबते. नवें हरितद्रव्य पुरेसें तयार होत नाहीं. जुनें दिवसाच्या उन्हानें विरत जातें. आणि हिरवळीवर पिवळट छटा येते. बालाघाटच्या पठारावर डिसेंबर-जानेवारींत अशा रात्री नेहमींच्याच.

याच्या अगदीं उलट स्वभावाचें एक कुळ थंड देशांत आहे. विंबल्डनचीं टेनिसचीं मैदानें २००१ सालापासून केवळ राय नांवाच्या गवताचीं केलेलीं आहेत. त्या गवताचीं पानें १५ ते २४ अंशांत उत्तम वाढतात. चित्रांत तें मैदान पाहून तसेंच गवत दारांत असावें अशी हौस वाटणें स्वाभाविक आहे. परंतु आपल्याकडे मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हां तें टिकावें कसें?

हा फरक पानाच्या आंत आहे. पान हवेंतील कार्बन डायॉक्साइड वायूपासून साखर बनवितें, हें आपण शाळेंत शिकलों आहों. हा वायू पकडणारें जें द्रव्य पानांत असतें, तें कधीं कधीं प्राणवायूच धरून बसतें आणि झालेली मेहनत फुकट जाते. हवा जसजशी तापते, तसतशी ही चूक वाढते. राय आणि गहू यांस ती बाधते. हरळी, ऊस, मका व ज्वारी यांनीं मात्र तोड काढली आहे. तीं प्रथम निराळ्या द्रव्यानें वायू धरतात व आंतल्या पेशींत नेऊन इतका दाट सांठवितात कीं, प्राणवायूस फारसा शिरकावच मिळत नाहीं. हॅच व स्लॅक या शास्त्रज्ञांनीं १९६६ सालीं ऑस्ट्रेलियांत उसाच्या पानांवरून ही रीत उलगडून दाखविली. म्हणूनच गहू आपण थंडींत पेरतों, आणि ऊस थंडींत रेंगाळतो. या रीतीचा आणखी एक लाभ असा कीं, तेवढ्याच वाढीस हरळीला पाणी पुष्कळ कमी पुरतें.

तिचा चिवटपणा शेतकऱ्यास चांगला ठाऊक आहे. जमिनींतील तिच्या काशा कोरड्या दिवसांतही जीव धरून राहतात व पहिल्या पावसानें फुटतात. तिचा नायनाट करण्यासाठीं तो उन्हाळ्यांत खोल नांगरट करून त्या काशा उघड्या पाडतो, आणि वैशाखाचें ऊन त्यांना वाळवितें. मातीआड असतां जी उष्णता हरळीस मानवते, तीच उघड्यावर तिला मारते.

यावरून बागेचा क्रम सहज ठरतो. हिरवळ लावावयाची ती मृगानंतर, माती ऊबदार व ओली असतां. थंडींत पाण्याच्या पाळ्या लांबवाव्या, वाफसा येऊं द्यावा आणि खत देऊं नये. जें गवत वाढतच नाहीं, त्याला तें काय कामाचें? कडक उन्हाळ्यांत गवत थोडें उंच राखावें, म्हणजे त्याची सावली मातीवर पडून मुळें थंड राहतात. पाणी पहांटे द्यावें, आणि टंचाई असेल तर मुळींच देऊं नये. पानें वाळलीं तरी काशा जगतात.

शेजारच्या लातूर शहरास एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें, हें आपण विसरलों नसूं. ज्या मुलखावर अशी वेळ येते, तेथें पौषांतील पिवळ्या गवतावर रोज पाणी ओतणें म्हणजे निजलेल्याच्या तोंडांत घांस कोंबण्यासारखें आहे. तें गवत मेलेलें नसतें. तें ऊबेची वाट पाहत असतें. फाल्गुनांत ऊन चढलें कीं थोड्या पाण्यानेंही तें पुन्हा रंग धरतें. तोंवर आपण हात आंवरावा.