शोकाच्या आठवड्यात उभा राहिलेला उत्सव

ऑगस्ट उजाडला की उत्तर आयर्लंडमधल्या पश्चिम बेलफास्टमध्ये तीन गोष्टी एकाच सुमारास घडतात. नाचत-गात मिरवणूक निघते. मारल्या गेलेल्या माणसांचे फोटो हाती धरून त्यांचे नातेवाईक चालतात. आणि भरल्या सभागृहात लोक राजकीय नेत्यांना समोरासमोर जाब विचारतात. या तिन्हींची वीण इतकी घट्ट कशी झाली, हे समजून घेताना माणूस थक्क होतो.

सुरुवात 9 ऑगस्ट 1971 च्या पहाटेची. उत्तर आयर्लंडच्या सरकारने विनाखटला स्थानबद्धता लागू केली आणि ब्रिटिश सैन्याने पहिल्याच दिवशी तीनशेहून अधिक माणसं उचलली. त्यातली जवळपास सगळी कॅथलिक, राष्ट्रवादी वस्त्यांतली होती. सैनिक आल्याची वर्दी द्यायला बायका कचऱ्याच्या पिंपांची पत्र्याची झाकणं रस्त्यावर आपटत. त्या तीन दिवसांत पश्चिम बेलफास्टमधल्या बॅलीमर्फी या वस्तीत दहा जण गोळ्या लागून मेले. जखमीच्या मदतीला धावलेले एक धर्मगुरू त्यात होते, आठ मुलांची आईही होती. ते बंदूकधारी होते, असं सैन्याने जाहीर केलं. माणसं गेली, आणि त्यांच्या नावावर डाग राहिला.

पुढे दर ऑगस्टमध्ये स्थानबद्धतेच्या स्मरणदिनी चौकाचौकांत आगी पेटत, दगडफेक होई, पोरं जखमी होत. मग आला मार्च 1988. जिब्राल्टरमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेच्या तीन नि:शस्त्र सदस्यांना ब्रिटिश कमांडोंनी ठार केलं. त्यांच्या दफनविधीत एका हल्लेखोराने तिघांचा जीव घेतला आणि त्यातल्या एकाच्या अंत्ययात्रेत शिरलेल्या दोन ब्रिटिश सैनिकांना जमावाने पकडलं. मग त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. सगळं पश्चिम बेलफास्ट रानटी आहे, असं चित्र जगापुढे गेलं.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये या भागाने ‘फेले अन फोबल’ हा उत्सव सुरू केला. गेरी अ‍ॅडम्स यांच्यासारखे राजकीय नेते त्यामागे होते, पण त्याचा भार वाहिला तो गल्लीबोळांतल्या माणसांनी. आगी पेटायच्या त्या दिवसांत आता संगीत, नाटक, आयरिश भाषेचे कार्यक्रम, चित्रप्रदर्शनं आणि वादसभा होऊ लागल्या. आज युरोपातल्या मोठ्या लोकोत्सवांत त्याची गणना होते.

विलक्षण गोष्ट ही की, आनंद आला म्हणून शोकाला कुणी घराबाहेर काढलं नाही. बॅलीमर्फीची कुटुंबं त्याच दिवसांत आपल्या माणसांसाठी चालत राहिली. 2011 मध्ये उत्तर आयर्लंडच्या महाधिवक्त्यांनी या मृत्यूंची नव्याने चौकशी करायला सांगितलं. सुनावणी 2018 च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाली. साठहून अधिक माजी सैनिकांसह दीडशेहून जास्त साक्षीदारांचं म्हणणं ऐकून 11 मे 2021 रोजी न्यायमूर्ती शिव्हॉन कीगन यांनी निकाल दिला: दहाही जण पूर्णपणे निर्दोष होते. नऊ जण सैन्याच्या गोळीने मेले. दहाव्याला कुणी मारलं हे ठरवता आलं नाही. जे वाक्य 1971 मध्येच ऐकायला मिळायला हवं होतं, त्यासाठी जवळजवळ पन्नास वर्षं लागली.

या उत्सवाकडे सगळे प्रेमानेच पाहतात असं मात्र नाही. समारोपाच्या संगीत मैफलीत तरुण आयआरएच्या घोषणा देतात, तेव्हा त्या संघटनेने ज्यांची माणसं मारली त्यांच्या जखमा पुन्हा ओल्या होतात. त्यांचाही प्रश्न तितकाच खरा आहे. म्हणूनच ब्रिटनशी नातं टिकवू पाहणाऱ्या युनियनिस्ट नेत्यांना उत्सवातल्या चर्चेला बोलावलं जातं आणि त्यांच्यातले काही जण येऊन आपलं म्हणणं मांडतात, याचं मोल मोठं आहे.

त्यानंतर न्यायाच्या या लढाईने नवं वळण घेतलं. 2023 च्या ब्रिटिश कायद्यामुळे 1 मे 2024 पासून त्या संघर्षातल्या मृत्यूंच्या अपुऱ्या राहिलेल्या अशा चौकशा थांबल्या. त्यातली सशर्त माफीची तरतूद मानवी हक्कांशी विसंगत असल्याचं बेलफास्टच्या उच्च न्यायालयाने ठरवलं. न्याय मागणाऱ्याला पन्नास-पन्नास वर्षं टिकून राहावं लागतं, आणि नुसत्या संतापावर कुणी इतकं टिकत नाही. सोबत गाणारी, वाद घालणारी, दरवर्षी न चुकता रस्त्यावर येणारी माणसं लागतात. पश्चिम बेलफास्टने ती जमवली. सत्तेला वाटतं, काळ गेला की प्रश्न विरतो. या लोकांनी काळालाच आपल्या बाजूने उभं केलं.