एका दिवसाचे पुणे

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या दौंड तालुक्यात ‘पुण्याला जाऊन येतो’ असे म्हणण्याची रीत आहे. ‘पुणे पाहून येतो’ असे सहसा कोणी म्हणत नाही. पुण्याला जायचे ते कामासाठी. कोर्टाची तारीख असते, ससूनमध्ये कोणी नातेवाईक असतो, मोटारीचा सुटा भाग आणायचा असतो, नाहीतर लग्नाचा बस्ता बांधायचा असतो. काम झाले की मिळेल त्या गाडीने माघारी यावयाचे. कासुर्डीहून पुणे अवघे चाळीस किलोमीटरच्या आसपास. पण गावात अशी कितीतरी माणसे आहेत की ज्यांनी शंभर वेळा पुणे गाठले आणि एकदाही पाहिले नाही.

आमच्या वडिलांचेच उदाहरण देतो. टोमॅटोच्या हंगामात रात्री गाडीत माल भरून ते गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जातात, पट्टी हातात पडली की उन्हे वर येण्याच्या आत परत फिरतात. मी कॉलेजात नाव घातल्यावर त्यांना सहज विचारले, “दादा, तुम्ही शनिवारवाडा पाहिलाय का?” ते म्हणाले, “भाइरून पाह्यलाय. आत आपलं काय काम व्हतं?”

हा प्रश्न मला पुष्कळ दिवस पुरला. आत आपले काय काम? आमच्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुलेमुली घरातून कॉलेजात येणारी पहिलीच आहेत. त्यांना इतिहासाच्या पेपरात पेशवाई आहे, समाजशास्त्रात सत्यशोधक समाज आहे, मराठीत पुण्याच्या लेखकांची पुस्तके आहेत. आणि ही सर्व स्थळे गाडीने तास-सव्वा तासावर आहेत. तेव्हा काम आहे, आणि ते आपलेच आहे. मात्र त्यासाठी आपल्याजवळ असतो तो एकच दिवस. मुक्कामाला पुण्यात कोणी नाही, लॉजचे पैसे परवडत नाहीत, आणि मुलींना तर दिवेलागणीच्या आत घरी येण्याच्या अटीवरच परवानगी मिळते. म्हणून या एका दिवसाचा हिशेब नीट मांडला पाहिजे.

हिशेब असा. सकाळी सातला घर सोडले आणि सायंकाळी सातला परतावयाचे म्हटले तर हाती बारा तास. त्यातून जाण्यायेण्याचे, गाडीची वाट पाहण्याचे तीन-साडेतीन तास वजा करा. जेवण, पाणी, रस्ता चुकणे याला दीड तास द्या. एखादे घरचे काम सांगितलेले असतेच. त्याला एक तास. उरले सहा. कोणतेही स्थळ मन लावून पाहावयास दीड ते दोन तास लागतात. म्हणजे दिवसाला तीन स्थळे, फार तर चार. पुणे दर्शनाच्या बसमधून याहून कितीतरी अधिक ठिकाणे होतात हे खरे, आणि पाहुणेरावळे घेऊन जाणाऱ्याला ती सोयीची आहे. पण विद्यार्थ्याला तिचा उपयोग थोडा. दरवाजा पाहून होतो न होतो तोच बस सुटण्याची वेळ होते.

वार कोणता निवडावा? घरचे सरकारी काम असेल तर शनिवार-रविवार उपयोगाचे नाहीत, कारण 2020 पासून राज्य सरकारी कार्यालयांचा आठवडा पाच दिवसांचा झाला आहे. काम नसेल तर शनिवार उत्तम. दुकानांच्या सुटीचे वार मात्र निरनिराळे असतात. ते ठाऊक असलेल्या कोणाला आधी विचारावे.

जाण्यासाठी मी रेल्वेच्या बाजूचा आहे. रस्त्याने एसटी घरापासून जवळ पडते, पण हडपसरला ती अडकली की आपला एक तास तेथेच संपतो. यवतहून रेल्वेने गेल्यास असा खोळंबा कमी. 2017 पासून पुणे-दौंड मार्गावर विजेची व्यवस्थाही झाली आहे. आषाढीला तुकोबांची पालखी पुण्याहून निघते, लोणी काळभोरला एक मुक्काम करते आणि दुसऱ्या मुक्कामाला यवतला पोचते. वारकऱ्यांची ती दोन दिवसांची वाट आपण तासाभरात उलटी करतो. पुणे स्टेशनवरून पुढे आता मेट्रो आहे. जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलली की 29 सप्टेंबर 2024 रोजी सुरू झालेल्या भुयारी मार्गाने कसबा पेठ किंवा मंडई येथे थेट शहराच्या पोटात वर येता येते. तेथून पुढे पायी. वाहनाने पेठा दिसत नाहीत, फक्त सिग्नल दिसतात.

आता मुख्य गोष्ट. दिवस एकच असेल तर विषयही एकच धरावा. कोणी पेशवाई धरील, कोणी स्वातंत्र्यलढा धरील. ज्याने स्वातंत्र्यलढा धरला त्याने नगर रस्त्यावरील आगाखान पॅलेसला जावे. 1942 ते 1944 या काळात गांधीजी तेथे स्थानबद्ध होते, महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा यांचे देहावसान तेथेच झाले. पण ती वाट वेगळी. मी आपल्यासारख्यांसाठी एक विषय सुचवितो : शिक्षण आणि शेतकरी. तो कसबा पेठेपासून मंडईपर्यंतच्या पायी वाटेत आपोआप भेटतो.

वाटेत शनिवारवाडा लागतोच, तो टाळू नये. पहिल्या बाजीरावाने 10 जानेवारी 1730 रोजी त्याचा पाया घातला. उत्तरेकडील दिल्ली दरवाजाचे अणकुचीदार खिळे हत्तीची धडक थोपविण्यासाठी आहेत. तटाला खाली दगड आणि वर वीट आहे, तेही पाहण्यासारखे. आत गेल्यावर मात्र पुष्कळांची निराशा होते. 1828 च्या फेब्रुवारीत लागलेल्या आगीत आतील इमारती जळाल्या. उरली ती जोती आणि हजारी कारंज्याचा हौद. माझा एक मित्र आत जाऊन पाच मिनिटांत बाहेर आला व म्हणाला, “आत नुसतं गवत आहे!” त्याचे बरोबर होते. वाडा डोळ्यांनी दिसत नाही, आधी वाचून गेले तरच दिसतो. कॉलेजच्या ग्रंथालयातून पेशवाईवरील एक प्रकरण आदल्या दिवशी वाचावे. मग कोठे दरबार, कोठे 1773 मध्ये नारायणरावाचा खून, आणि 1817 च्या नोव्हेंबरात इंग्रजांचे निशाण चढले तो दिवस, हे सारे त्या जोत्यांवर उभे करता येते.

तेथून दक्षिणेला दहा मिनिटे चालले की दगडूशेठ हलवाई गणपतीचे मंदिर. दर्शनाची रांग असते. पण आपण समोर पाहावे. या जागी भिडे वाडा होता. 1848 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली ती येथे. जुना वाडा आता नाही. स्मारकासाठी तो 2023 च्या डिसेंबरमध्ये पाडण्यात आला. म्हणजे ‘पाहण्यासारखे’ येथेही काही नाही, आणि तरी आमच्या वर्गातील मुलींनी येथे दोन मिनिटे उभे राहावे असे मला वाटते. माझ्या आईला सही करता येत नाही. माझी धाकटी बहीण अकरावीत आहे. या दोघींच्या मधले अंतर कोठून कापावयास सुरुवात झाली, ती ही जागा.

पुढे मंडई. मधोमध अष्टकोनी मनोरा असलेली ही दगडी इमारत 1886 मध्ये खुली झाली. त्यापूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात भरत असे. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिला रे मार्केट म्हणत. जोतीराव नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी या बांधकामास विरोध केला होता. एवढा पैसा इमारतीवर घालण्यापेक्षा शिक्षणावर घालावा असे त्यांचे म्हणणे होते. पुढे याच इमारतीला त्यांचे नाव मिळाले : महात्मा फुले मंडई. ज्याने विरोध केला त्याचेच नाव! पण विरोध करणारा मनुष्य शेतकऱ्याचा वैरी नव्हता. त्यानेच ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. शेतकऱ्याच्या मुलाला आधी बाजार हवा की आधी शाळा, हा प्रश्न मंडईतल्या गाळ्यासमोर उभे राहून करून पाहावा. तोंडल्याचा भाव विचारता विचारता तो अधिक कळतो. वेळ असेल तर गंज पेठेतील फुले वाड्यापर्यंत जाऊन यावे. पेठेलाही आता महात्मा फुले पेठ हे नाव आहे. वाड्याचे अंगण लहान आणि शांत आहे, आणि बाहेरच्या गजबजाटानंतर तेथे बसावेसे वाटते.

दुपारच्या उन्हाला मात्र छप्पर पाहिजे. त्यासाठी मंडईपासून जवळच, बाजीराव रस्त्याच्या कडेला शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिवसातला सर्वांत मोठा वेळ मी येथे द्या म्हणेन. दिनकर केळकर (1896–1990) हे चष्म्याचे व्यावसायिक. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करीत. त्यांचा मुलगा राजा अकाली गेला. त्याच्या स्मरणार्थ त्यांनी वस्तू जमविल्या, त्यात पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती, आणि पुढे वीस हजारांच्या घरातला तो संग्रह महाराष्ट्र शासनास देऊन टाकला.

आणि वस्तू कसल्या? तलवारी आणि तोफाच पाहावयास मिळतील अशी माझी समजूत होती. शस्त्रे आहेतही. पण दालनामागून दालने भरली आहेत ती दिव्यांनी, समयांनी, अडकित्त्यांनी, पाय घासण्याच्या वजऱ्यांनी, दौतींनी, कंगव्यांनी, स्वयंपाकाच्या भांड्यांनी, शेवयांच्या साच्यांनी आणि कोरीव दरवाजांनी. घोड्याच्या, मोराच्या आकाराचे अडकित्ते आहेत. वजरीवर पक्षी बसविलेले आहेत; पायाला घासण्याची वस्तू, तीही कोणा कारागिराला सुंदर करावीशी वाटली. अशी वजरी माझ्या आजीची होती. घर पत्र्याचे होते तेव्हाची ती, पुढे मोडीत गेली. किती घरांतून किती वस्तू अशा मोडीत घातल्या असतील कोणास ठाऊक! आत आपले काय काम, याचे एक उत्तर या काचेच्या कपाटांमागे आहे. राजे-सरदारांच्या इतिहासात आपल्या घरचे कोणी सापडत नाही. येथे आपले अख्खे स्वयंपाकघर सापडते. म्हणून येथे वही काढावी आणि कोणत्याही एकाच दालनातील दहा वस्तूंची नावे, त्या कशाच्या आहेत आणि कशासाठी, एवढे लिहून घ्यावे. घरी जाऊन आजीला एकेक नाव विचारावे. तिला पुस्तकापेक्षा जास्त ठाऊक असते, आणि पुण्याच्या कपाटात तिची वजरी आहे हे ऐकून तिला गंमतही वाटते.

जेवणाबद्दल थोडेच सांगतो. भाकरी, ठेचा आणि पाण्याची बाटली पिशवीत असावी. हॉटेलात बसून एक तास आणि दोन दिवसांचा खर्च घालवू नये. चहा मात्र घ्यावा.

वाचलेल्या पैशांचे एक पुस्तक घ्यावे. अप्पा बळवंत चौक शनिवारवाड्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. अभ्यासाची जुनी पुस्तके तेथे कमी किमतीत मिळू शकतात. हे काम सकाळी नको, नाहीतर दिवसभर ओझे वाहावे लागते. त्याच बाजूला पुणे नगर वाचन मंदिर आहे; त्याची स्थापनाही 1848 चीच. मुलींची शाळा आणि हे ग्रंथालय एकाच वर्षी, एकाच पेठेच्या परिसरात सुरू झाले, हे मला नकाशावर बोट ठेवले तेव्हा कळले.

पायांत बळ असेल आणि परवानगी थोडी सैल असेल तर फुले वाडा दुसऱ्या खेपेसाठी ठेवून साडेचारच्या सुमारास पर्वती चढावी. एकशे तीन पायऱ्या आहेत. वर नानासाहेब पेशव्यांनी बांधलेले देवालय आहे. पानिपतानंतर 1761 मध्ये त्यांचे निधन येथेच झाले. आम्हाला त्याहून जवळची गोष्ट टेकडीच्या पायथ्याशी आहे. तेथून मुठा उजवा कालवा जातो. खडकवासल्याचे पाणी घेऊन तो स्वारगेट, हडपसरवरून आपल्या तालुक्यात येतो. आपल्या उसाला आणि गुऱ्हाळांना लागणारे पाणी ते हेच. पुणेकरांना किती आणि आपल्याला किती, यावरून उन्हाळ्यात आपल्याकडे सभा होतात, वर्तमानपत्रांत बातम्या येतात. कालव्याच्या पुलावर उभे राहिले की त्या बातम्यांतले आकडे प्रत्यक्ष दिसतात.

परतीची गाडी आदल्या दिवशीच विचारून ठेवावी आणि तिच्या अर्धा तास आधी स्टेशनवर असावे. सायंकाळी दौंडकडे नोकरदारांची गर्दी असते, बसायला जागा मिळतेच असे नाही. पुस्तकाची पिशवी पायांत ठेवावी. वही मात्र हातात असू द्यावी, म्हणजे मांजरी, लोणी, उरुळी जाईपर्यंत सकाळपासूनचे काही लिहून होते.