‘गाळणे’ हे क्रियापद आणि वृक्कांचे कार्य

शरीरातील त्याज्य द्रव्यांचे उत्सर्जन हा विषय शरीरक्रियाशास्त्राचा. भाषेच्या अभ्यासकाने त्यात का शिरावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. माझ्यापुरते त्याचे कारण घरगुती आहे. माझ्या मामांचे दोन्ही वृक्क बऱ्याच अंशी निकामी झाल्याचे निदान झाले, तेव्हा ते मला म्हणाले, “अरे, लघवी तर चांगली भरपूर होते. मग मूत्रपिंड बिघडलं कसं?” मामांचा निष्कर्ष चुकीचा होता, परंतु शब्दाच्या अर्थावरून पाहिले तर त्यांच्या तर्कात खोट काढता येत नाही. मूत्र तयार करणारा पिंड तो मूत्रपिंड. मूत्र होत आहे, त्या अर्थी पिंड ठीक असला पाहिजे.

या अवयवाचे जुने नाव असे दिशाभूल करणारे नाही. ‘वृक्क’ हा शब्द वैदिक असून फारसीतील, आणि आपल्याकडे मटणाच्या दुकानात ऐकू येणारा ‘गुर्दा’ हा त्याचाच दूरचा भाऊबंद होय. दोन्ही शब्दांत मूत्राचा उल्लेख नाही. चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांनी वृक्कांचा संबंध मेदाशी जोडला आहे. मूत्रवह स्रोतसांच्या मुळांत त्यांची गणना नाही, तेथे बस्ती आहे. कोरा मातीचा घडा गळ्यापर्यंत पाण्यात ठेवला असता जसा चहूबाजूंनी पाझरून भरतो, तसा बस्ती भरतो, असा दृष्टान्त सुश्रुताने दिला आहे. स्थान चुकले, पण पाझरण्याची कल्पना मात्र विलक्षण आहे.

आधुनिक वर्णनात या पाझरण्याला आपण ‘गाळणे’ म्हणतो, आणि येथेच दुसरा घोटाळा होतो. चहा गाळताना हवे ते खाली उतरते आणि चोथा वर राहतो. वृक्कात असे काहीच घडत नाही. प्रत्येक वृक्कात सुमारे १० लक्ष नेफ्रॉन असतात. प्रत्येकाच्या आरंभी केशवाहिन्यांचा एक गुच्छ असतो. हृदयातून निघालेल्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा वृक्कांकडे येतो, आणि या गुच्छांतून रक्तदाबाच्या जोरावर पाणी व त्यात विरघळलेली लहान रेणूंची द्रव्ये बाहेर पडतात. रक्तपेशी व बहुतेक प्रथिने तेवढी मागे राहतात. युरिया गेला, त्याबरोबर साखरही गेली, मीठही गेले. दिवसाकाठी असा सुमारे १८० लिटर द्रव निघतो. तो सगळाच बाहेर गेला, तर अर्ध्या तासात रक्तातील सारे द्रव संपेल!

खरे काम पुढे, नलिकेत होते. दिवाळीपूर्वी घरातील यच्चयावत सामान अंगणात मांडून हवे तेवढेच आत न्यावे, तशी ही रीत आहे. नलिकेच्या पेशी साखर जवळजवळ संपूर्ण परत घेतात, पाणी व सोडियम शंभरात ९९ भाग परत घेतात, युरिया निम्म्याच्या आसपास, आणि स्नायूंतून येणारे क्रिएटिनिन मुळीच घेत नाहीत. पेनिसिलिनसारखी काही द्रव्ये तर या पेशी रक्तातून उचलून स्वतः नलिकेत टाकतात. म्हणजे बहुतेक त्याज्य द्रव्य येथे ओळखून वेगळे काढले जात नाही. ज्याला कोणी परत नेत नाही, ते त्याज्य ठरते. गाळणे व परत शोषणे ही कल्पना लुडविग याने १८४२ साली मांडली होती. तिचा प्रत्यक्ष पुरावा वर्न व रिचर्ड्स यांनी १९२४ साली दिला. त्यांनी बेडकाच्या वृक्कातील एका गुच्छाच्या आवरणात सूक्ष्म काचनलिका घालून द्रव काढला. मूत्राशयातील मूत्रात नसलेली साखर त्या द्रवात होती.

मूत्रवाहिनी, मूत्राशय व मूत्रमार्ग यांच्याकडे केवळ वाहून नेण्याचे व साठविण्याचे काम उरते. मूत्राच्या घटनेत ते फारसा बदल करीत नाहीत.

आता मामांचा प्रश्न. निरोगी अवस्थेत १८० लिटरांतून ९९ टक्के परत गेले, तर मूत्र १.८ लिटर होते. रोगाने गाळण्याची शक्ती दशांशावर आली, द्रव १८ लिटरच निघाला, आणि उरलेल्या नेफ्रॉननी त्यातून ९० टक्केच परत घेतले, तरीही मूत्र १.८ लिटरच! भांड्यात मोजणाऱ्यास काहीही फरक दिसणार नाही. फरक रक्तात असतो. रोज तयार होणारे क्रिएटिनिन पूर्वीइतकेच बाहेर पडावे, तर १८ लिटरांनी १८० लिटरांचा भार वाहिला पाहिजे. म्हणून रक्तातील त्याचे प्रमाण वाढत वाढत सुमारे दहापटीवर जाऊन स्थिरावते. ही वाढ आरंभी इतकी थोडी असते, की निम्मी शक्ती जाईपर्यंत आकडा कित्येकदा सामान्य मर्यादेतच दिसतो. ‘मूत्रपिंड’ हा शब्द आता रूढ झाला आहे व तो बदलावा असे मी म्हणत नाही. परंतु त्याऐवजी ‘रक्तशोधक’ अशा अर्थाचा एखादा शब्द रूढ असता, तर मामांनी भांड्याकडे न पाहता रक्ताच्या तपासणीकडे पाहिले असते, असे मला वाटते.

एक खूण मात्र लघवीतही दिसते. मूत्र दाट करण्याची शक्ती या रोगात लवकर क्षीण होते, त्यामुळे रात्री वारंवार उठावे लागते. मामा दोन वर्षे हीच तक्रार करीत होते. आम्ही ती वयावर ढकलली.