थंडीच्या रात्रीं झोळींत निजणें

हिंवाळा आला कीं आमच्या विद्यार्थ्यांस सातपुड्याचे वेध लागतात. आकाश निरभ्र असतें, वाटा कोरड्या असतात, आणि शहाद्याकडून तोरणमाळाचा घाट चढूं लागलें म्हणजे पाठीवरच्या ओझ्याचेंही कांहीं वाटेनासें होतें. अशा सहलींत कांहीं तरुण तंबू व सतरंजी यांऐवजीं दोन झाडांच्या मधें कापडाची झोळी टांगून तींत निजतात. इंग्रजींत तिला हॅमॉक म्हणतात. तींत खडे टोंचत नाहींत, विंचूकिरड्याचें भय कमी होतें, आणि घडी केली तर ती पिशवीच्या एका कोपऱ्यांत मावते. परंतु पहांटे दोन-तीनच्या सुमारास हा सुखी प्रवासी दांत वाजवीत उठून बसतो आणि विचारतो, "अंगावर दोन कांबळीं असतां पाठ गारठली कशी?" या प्रश्नाचें उत्तर पदार्थविज्ञानांत आहे, तसेंच तें आपल्या आजीच्या गोधडींतही आहे. तें येथें थोडक्यांत सांगावें असा आमचा हेतु आहे.

प्रथम थंडीचाच विचार करूं. १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा झालेला आपला नंदुरबार जिल्हा उन्हाळ्याच्या तापाविषयीं प्रसिद्ध आहे. पण त्याच्या उत्तरेस उभा असलेला सातपुडा थंडीचें माहेरघर आहे. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारें ११५० मीटर उंचीवर असून खालचा तापीकांठचा मुलूख दीड-दोनशें मीटरांवर आहे. म्हणजे घाट चढून आपण सुमारें एक हजार मीटर वर जातों. आणि दर हजार मीटरांस हवा सर्वसाधारणपणें साडेसहा अंश सेंटिग्रेडनें थंड होत जाते. त्यांतून रात्र निरभ्र असली म्हणजे जमीन आपली उष्णता आकाशाकडे फेंकीत राहते. तिच्या स्पर्शानें गार झालेली हवा जड होते आणि पाण्याप्रमाणें उतारावरून वाहत जाऊन खोलगट जागीं सांचते. म्हणूनच तोरणमाळास, किंवा अक्कलकुवा तालुक्यांतील डाब येथें, कडाक्याच्या थंडींत पहांटे गवतावरचें दंव गोठून पांढरें झालेलें आढळतें.

आतां ऊब म्हणजे काय तें पाहूं. पांघरूण ऊब देतें असें आपण बोलतों. पण गोधडी म्हणजे शेगडी नव्हे. ऊब निर्माण करणारें यंत्र म्हणजे आपलें शरीर. निजलेल्या प्रौढ मनुष्याच्या अंगांतून सुमारें सत्तर-ऐंशी वॉट, म्हणजे जुन्या पद्धतीच्या विजेच्या एका दिव्याइतकी, उष्णता अखंड बाहेर पडत असते. ती अडवून धरणें एवढेंच पांघरुणाचें काम. आणि तेंही खरोखर कापड करीत नाहीं. लोंकरीच्या कुरळ्या तंतूंत आणि गोधडीच्या थराथरांत अडकून पडलेली स्थिर हवा तें काम करते. स्थिर हवा ही उष्णतेची फार मंद वाहक आहे. पाणी तिच्या वीसपटींहूनही अधिक वेगानें उष्णता वाहून नेतें. यावरून एक सोपा नियम निघतो: जें वस्त्र हवा धरून ठेवतें तें उबदार, जें दाबलें गेलें किंवा भिजलें, तें कितीही जाड आणि मोलाचें असलें तरी थंड.

हा नियम झोळीस लावून पाहावा. झोळींत निजलेल्या मनुष्याच्या पाठीखालीं केवळ एक पातळ कापड असतें आणि त्याखालीं मोकळा वारा. पाठीनें तापविलेला हवेचा थर तो वारा क्षणोक्षणीं उचलून नेतो आणि त्या जागीं गार हवा आणून ठेवतो. अंगावरचें कांबळें फुगलेलें राहतें म्हणून छाती उबदार असते. पण त्याच कांबळ्याचा जो भाग अंगाखालीं येतो तो भारानें चेपून जातो, त्यांतील हवा निघून जाते, आणि तो असून नसल्यासारखा होतो. पक्ष्यांच्या मऊ पिसांनीं भरलेल्या निजावयाच्या पिशव्या मिळतात. त्यांचीही अंगाखालीं हीच गत होते. सारांश, झोळींत थंडी वरून येत नाहीं, ती खालून येते. वर तिसरें कांबळें घेऊन ती हटत नाहीं.

आमच्या खानदेशांतील घरोघरीं हें ज्ञान पूर्वीपासून आहे. उन्हाळ्यांत अंगणांत टाकलेली बाज सुखाची वाटते, कारण तिच्या विणींतून खालून वारा लागतो. तीच बाज पौषांत उघडी ठेवून तीवर निजावयास कोणी धजत नाहीं. घरचें वडील माणूस आधीं बाजेवर जाड गोधडी अंथरतें आणि मगच पांघरुणाचा विचार करतें. अंथरूण पाहून पाय पसरावे अशी म्हण आहे. थंडीपुरती आम्ही तींत एवढीच भर घालूं कीं अंथरूण पाहूनच पांघरूण घ्यावें.

ज्या लोकांनीं झोळीचा उपयोग पिढ्यान्‌पिढ्या केला त्यांसही हीच गोष्ट कळली होती. १४९२ सालीं कोलंबस अमेरिकेच्या बेटांवर उतरला तेव्हां तेथील लोक कापसाच्या जाळीदार झोळ्यांत निजतांना त्यास आढळले. हॅमॉक हा शब्दही तेथूनच युरोपांत गेला. पुढें इंग्रजांच्या आरमारांत खलाशांना निजावयास झोळ्या मिळूं लागल्या व ती रीत विसाव्या शतकापर्यंत टिकली. या खलाशाच्या झोळींत एक लहानशी गादी घातलेली असे आणि वर कांबळें. अमेझॉनच्या अरण्यांतील यानोमामी लोक आपल्या झोळीलगत विस्तव ठेवून रात्र काढतात. एकानें खालीं गादी घातली, दुसऱ्यानें शेजारीं अग्नि ठेवला. गरज दोघांची एकच.

ज्यांस याची प्रचीति पाहावयाची असेल त्यांनीं घरीं एक सोपा प्रयोग करावा. दोन सारखे तांबे सारख्याच गरम पाण्यानें भरून दोन फडक्यांच्या झोळ्यांत टांगावे. एकावर केवळ वरून गोधडीचा तुकडा घालावा. दुसऱ्यास वरून व खालून दोन्हीकडून घालावा. तासाभरानें दोहोंतील पाण्यांत उष्णतामापक बुडवून पाहावा. दुसऱ्या तांब्यांतील पाणी अधिक ऊन आढळेल. पहिला तांब्या म्हणजे आपला दांत वाजविणारा प्रवासी होय.

आतां उपाय. सर्वांत उत्तम उपाय म्हणजे गोधडी झोळीच्या आंत न घालतां बाहेरून, झोळीच्या खालीं टांगणें. गोधडीच्या चारी कोपऱ्यांस दोऱ्या बांधून त्या झोळीच्या दोन्ही टोंकांस अशा बेतानें बांधाव्या कीं गोधडी पाठीच्या कापडास अलगद टेंकेल, पण तिच्यावर अंगाचा भार पडणार नाहीं. भार न पडल्यामुळें तिच्यांतील हवा कायम राहते. ती फार सैल असेल तर मधल्या पोकळींतून वारा शिरतो. फार ताठ असेल तर ती चेपते. दोन्ही टोंकें चुण्या घालून आंवळून घ्यावीं, म्हणजे तिकडूनही वारा जात नाहीं. गोधडी टांगणें शक्य नसेल तर भारानें न चेपणारी फोमची चटई झोळींत अंथरावी. ती खांद्यांपासून गुडघ्यांपर्यंत तरी असावी. तीही नसेल तर वाळलेलें गवत पोत्यांत सैल भरून पाठीखालीं घ्यावें. गवत थोडें दबतें खरें, पण कांहींच नसण्यापेक्षां तें पुष्कळ बरें.

जागेची निवडही तितकीच महत्त्वाची आहे. तोरणमाळाच्या यशवंत तलावाचा कांठ दिवसा रमणीय. पण रात्रीं पाण्याकांठच्या सखल जागीं गार हवा व दमटपणा सांचतो. कड्याच्या अगदीं टोंकावर वारा झोंबतो. यास्तव उताराच्या मध्यावरची, वाऱ्याच्या आडोशाची जागा शोधावी. हिंवाळ्यांत साग आपलीं पानें गाळूं लागतो. आंबा व जांभूळ मात्र हिरवेच असतात. अशा दाट झाडाखालीं जमिनीची व आपल्या अंगाची उष्णता थेट आकाशाकडे जात नाहीं, आणि दंवही कमी पडतें. त्याशिवाय झोळीवर एक ताडपत्री उतरती बांधावी व तिची एक बाजू वाऱ्याकडे खालपर्यंत ओढून घ्यावी. दोर बांधतांना झाडाच्या सालीस इजा होऊं नये म्हणून रुंद पट्टा वापरावा. ज्याच्या आश्रयानें आपण निजतों त्यास जखम करणें शोभत नाहीं.

पांघरुणाइतकीच काळजी देहयंत्राची घ्यावी. दिवसभराचे घामानें भिजलेले कपडे निजण्यापूर्वीं बदलून कोरडे घालावे. ओला सदरा अंगावर असणें म्हणजे उष्णतेस वाट करून देणें होय. रात्रीचें जेवण टाळूं नये. भाकरी, शेंगदाणे व गूळ हें या यंत्राचें उत्तम सर्पण आहे. निजण्यापूर्वीं दहा-वीस बैठका काढून अंग तापवावें, परंतु घाम येईपर्यंत नव्हे. कानटोपी व कोरडे मोजे घालावे. तोंड मात्र पांघरुणांत घेऊं नये, कारण श्वासांतील बाष्पानें पांघरूण ओलें होतें. लघुशंकेची भावना झाली तर आळस न करतां उठावें. कुडकुडत पडून राहिल्यानें झोंप येत नाहीं.

तीन गोष्टी मात्र कटाक्षानें टाळाव्या. पहिली, बंद तंबूंत किंवा चारी बाजूंनीं झांकलेल्या ताडपत्रीखालीं कोळशाची शेगडी ठेवणें. कोळशापासून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं, वासही नाहीं. तो निजलेल्या मनुष्यास जागें न करतां मारतो. दुसरी, झोळीखालीं जाळ करणें. आजच्या झोळ्या बहुधा नायलॉनच्या असतात व एका ठिणगीनें वितळतात. तिसरी, थंडीवर औषध म्हणून दारू घेणें. दारूनें कातडींतील रक्तवाहिन्या फुगतात, क्षणभर ऊब वाटते, पण शरीराच्या आंतील उष्णता त्याच वाटेनें निघून जाते.

सोबत्यावरही लक्ष ठेवावें. शरीराची उष्णता सामान्यतः ३७ अंश असते. ती ३५ च्या खालीं गेली म्हणजे धोका उत्पन्न होतो. प्रथम मनुष्य थरथर कांपतो. पुढें त्याची जीभ अडखळते, हातांतून वस्तु पडतात, तो असंबद्ध बोलूं लागतो. आणि शेवटीं कांपणेंच थांबतें. कांपणें थांबलें म्हणजे बरें वाटलें असें समजूं नये. तें संकटाचें चिन्ह आहे. अशा वेळीं ओले कपडे काढून त्यास कोरड्या कांबळ्यांत, खालून व वरून, गुंडाळावें. शुद्धीवर असेल तर ऊन व गोड पेय द्यावें. हातपाय जोरानें चोळूं नयेत. आणि विलंब न लावतां वैद्यकीय मदत मिळवावी.

येथवर आम्ही सहलीच्या झोळीविषयीं लिहिलें. परंतु आपल्या जिल्ह्यांत झोळी ही हौसेची वस्तु होण्याच्या कितीतरी आधींपासून तान्ह्या मुलांची शय्या आहे. दिवाळीनंतर सातपुड्याच्या पाड्यांतून अनेक कुटुंबें ऊसतोडीसाठीं गुजरातेंत व अन्यत्र जातात. तेथें फडाच्या कडेस, झाडाच्या फांदीला, लुगड्याची झोळी बांधून आई कामास लागते. त्या झोळींतील बाळाची पाठही वाऱ्यावर उघडीच असते, आणि लहान मूल प्रौढापेक्षां फार लवकर गारठतें. बाळास वरून कितीही लपेटलें तरी खालची वाट मोकळी राहते. तेव्हां जुन्या लुगड्याची जाड घडी झोळीच्या बाहेरून, पाठीखालीं बांधावी. बाळाच्या तोंडावर कांहीं येऊं देऊं नये. आणि रात्रीं त्यास आईच्या उराशीं घ्यावें, त्यासारखी ऊब दुसरी नाहीं.

आमच्या वाचकांत अशा घरांतील मुलें-मुली पुष्कळ आहेत. शाळेंत शिकलेलें विज्ञान आपल्याच धाकट्या भावंडाच्या पाठीस ऊब देऊं शकलें, तर त्या शिक्षणाचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.