जुनाट दुखण्याचे जनावर

जनावरांची दुखणी दोन जातीची असतात. एक दुखणे वीज पडावी तसे येते. घटसर्प आला, फऱ्या आला, की जनावर एका रात्रीत आडवे होते. सारे घर धावते. कोणी डॉक्टरला आणतो, कोणी पाणी पाजतो. दुसरे दुखणे चोरपावलांनी येते. गाय खाते, पण अंगी लागत नाही. बैल चालतो, पण मागे राहतो. दूध रोज थोडे थोडे कमी होते. अंगावरचे केस उभे राहतात. या दुखण्याला कोणी धावत नाही. "खंगलंय जरा, होईल बरं," असे म्हणून आपण दिवस ढकलतो. महिने जातात. मग बाजाराचा दिवस उजाडतो आणि जनावर मिळेल त्या भावाने जाते.

या दुसऱ्या दुखण्याविषयी आम्ही आज सांगणार आहोत. त्याला जुनाट दुखणे म्हणतात. त्यात नुसते औषध पुरत नाही. वैरण, पाणी, गोठा, औषध आणि देखभाल, ही पाचही एकत्र लागतात.

आधी हिशेब मांडू. समजा, गाय 8 लिटर दूध देत होती. ती आता 5 लिटरवर आली. लिटरला 30 रुपये धरले, तर रोज 90 रुपये गेले. महिन्याला 2,700 रुपये झाले. वैरण मात्र तेवढीच लागते. आपण म्हणतो, डॉक्टरला पैसे कुठून आणायचे? पण पैसे तर रोज जातच आहेत. ते दिसत नाहीत, एवढेच.

कारण शोधावे

खंगणे हा रोग नव्हे. ती रोगाची खूण आहे. कारण कळल्यावाचून औषध देणे म्हणजे अंधारात दगड मारणे. म्हणून आधी जनावराकडे नीट पाहावे.

तोंड पाहावे. दात झिजले आहेत काय, जिभेला फोड आहेत काय? डोळ्यांची खालची पापणी हळूच खाली ओढावी. आतला भाग पांढराफटक दिसला तर अंगात रक्त कमी आहे. पोटातले जंत किंवा अंगावरचे गोचीड रक्त पितात, तेव्हा असे होते. शेण पाहावे. ते पातळ आहे की घट्ट, त्यात आव आहे की रक्त? खूर पाहावेत. ते वाढून वाकडे झाले असतील, तर जनावर चरायला जाणेच टाळते. कास दाबून पाहावी. एखादा सड दगडासारखा लागतो काय? शेवटी रवंथ पाहावा. निरोगी गाय दिवसाकाठी 7-8 तास रवंथ करते. रवंथ कमी झाला, तर पोटात बिघाड आहे असे समजावे.

ताजे शेण एका स्वच्छ डबीत घालून दवाखान्यात न्यावे. तेथे ते सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहतात. जंत कोणत्या जातीचे आहेत हे त्यावरून कळते आणि त्याच जातीचे औषध मिळते.

वाढ्याची गोष्ट

आपल्या सोलापूर जिल्ह्यात एक कारण घरोघर सापडते. ते म्हणजे उसाचे वाढे. ऊसतोडीच्या दिवसांत वाढे स्वस्त मिळते. हिरवेगार दिसते. जनावर आवडीने खाते. 2012-13 साली आणि पुन्हा 2018-19 साली दुष्काळ पडला. सांगोला, मंगळवेढा या भागांत चारा छावण्या उघडल्या. त्या दिवसांत ऊस आणि वाढे यांनीच हजारो जनावरे जगवली. तेव्हा वाढ्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण महिनोन् महिने नुसते वाढेच घातले, तर काय होते ते पाहा.

वाढ्यात ऑक्झॅलिक नावाचे आम्ल असते. हे आम्ल पोटात जाऊन चुन्याला धरते. चुना म्हणजे कॅल्शियम. हाडे, दूध आणि अंगातली ताकद यांना तो लागतो. आम्लाने धरलेला चुना अंगात मुरत नाही. तो शेणावाटे बाहेर पडतो. दुधात तर चुना जावाच लागतो. मग गाय तो आणणार कुठून? ती आपल्याच हाडांतून काढते. हाडे पोकळ होतात. गाय वेळेवर माजावर येत नाही. व्याल्यावर उठता येत नाही. बाहेरून पाहणारा म्हणतो, "पोटभर खाते, तरी अशी कशी?" पोट भरते हे खरे, पण अंग उपाशी राहते.

उपाय अवघड नाही. नुसते वाढे घालू नये. कडब्याची कुट्टी आणि दुसरी वैरण जास्त, वाढे कमी, असे मिसळावे. चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवावा. सकाळी वरची निवळी काढून ती वाढ्यावर शिंपडावी. आम्ल त्या चुन्याला धरते आणि गायीच्या वाटणीचा चुना वाचतो. शिवाय रोज खनिज मिश्रण द्यावे. मोठ्या जनावराला दिवसाला सुमारे 50 ग्रॅम पुरते. ते पेंडीत कालवून द्यावे. खनिज मिश्रण आणि मीठ एकच, अशी काही जणांची समजूत असते. ती बरोबर नाही. मीठ वेगळे, खनिजे वेगळी. दोन्ही लागतात.

खनिजे कमी पडली की जनावर माती चाटते, चिंध्या चघळते, हाडे आणि पिशव्या खाते. ही खोड नव्हे. ही अंगाची मागणी आहे. पण त्यापायी प्लास्टिकचा गोळा पोटात साठतो. कधी तार, कधी खिळा जातो. मग पोट सारखे फुगते आणि जनावर झिजत जाते. म्हणून शिळे अन्न पिशवीत बांधून टाकू नये.

आजाऱ्याचे ताट

घरात माणूस आजारी पडला की आपण त्याला मऊ भात देतो, थोडा थोडा देतो. जनावराचेही तसेच आहे. एकदम मोठी पेंढी पुढे टाकू नये. दिवसातून 4-5 वेळा थोडे थोडे घालावे.

ज्वारीचा कडबा आपल्याकडची मुख्य वैरण. त्याने पोट भरते, पण अंग भरून काढणारे प्रथिन त्यात फार थोडे असते. म्हणून त्याची बारीक कुट्टी करून तिच्यात लसूणघास, हदगा किंवा शेवरीचा पाला मिसळावा. जोडीला थोडी पेंड द्यावी. नवे खाणे एकदम सुरू करू नये. आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावे. गायीच्या पोटात वैरण पचवणारे असंख्य सूक्ष्म जीव असतात. त्यांना नव्या अन्नाची सवय व्हायला वेळ लागतो. लग्नाच्या पंगतीतला उरलेला भात, पोळ्या, पिठाचे गोळे जनावरापुढे ओतले, तर पोटात आम्ल होते. धडधाकट बैलसुद्धा त्याने दगावतो. मग आजाऱ्याची काय कथा!

बुरशी आलेली वैरण आणि पेंड कधीही घालू नये. "माणसाला चालत नाही, जनावराला चालतं," असे म्हणणारे पुष्कळ आहेत. पण बुरशीचे विष जनावराचेही यकृत खाते. भुईमुगाची पेंड ओलसर जागी ठेवली, की तिला अशी बुरशी लवकर धरते. अवकाळी पावसात भिजलेला कडबा वाळवून, पाहून, मगच घालावा.

आणि पाणी! दिवसातून दोनदा हौदावर नेले की झाले, असे नाही. मोठ्या गायीला दिवसाला 40 ते 60 लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात आणखी लागते. आजारी जनावर हौदापर्यंत जात नाही. पाणी त्याच्या तोंडापाशी हवे, सावलीत हवे.

घरचे औषध आणि दवाखान्याचे औषध

घरची औषधे सगळी खोटी नाहीत आणि सगळी खरीही नाहीत. पारखून घ्यावीत.

कासदाहाचे उदाहरण घेऊ. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने एक लेप शेतकऱ्यांना शिकवला आहे. कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम, खायचा चुना 15 ग्रॅम. हे एकत्र वाटावे. कासेतले दूध पूर्ण काढून टाकावे. कास धुऊन पुसावी. लेप थोडा थोडा पाण्यात पातळ करून दिवसातून 8-10 वेळा लावावा. असे 5 दिवस करावे. पण ताप असेल, दुधात रक्त किंवा पू येत असेल, तर लेपावर थांबू नये. डॉक्टरला बोलवावे.

2022 साली लम्पी आला. आपल्या जिल्ह्यातही गायी-बैल आजारी पडले. अंगावर गाठी आल्या, काही जनावरे गेली. काही वाचली, पण पायांची सूज, फुटलेल्या गाठी आणि अशक्तपणा पुढे कित्येक दिवस राहिला. हे दुखणे माश्या, डास आणि गोचीड पसरवतात. म्हणून गोठा कोरडा ठेवणे हे निम्मे औषध आहे. कडुनिंबाचा पाला, लसूण, हळद आणि तुळस खोबरेल तेलात उकळून, गार करून जखमेवर लावतात. त्याने माश्या बसत नाहीत. पण रोग टाळायचा असेल, तर वेळेवर लस टोचून घेण्यास पर्याय नाही.

आता काय करू नये ते सांगतो. डागणी देऊ नये. तापल्या लोखंडाने रोग जळत नाही, कातडे जळते. जीभ ओढून, मान वर करून, बांबूच्या नळीने काढा ओतू नये. तो फुप्फुसात जातो आणि जनावर गुदमरते. माणसाच्या दुकानातली दुखण्याची गोळी जनावराला देऊ नये. डायक्लोफिनॅक नावाचे औषध पूर्वी लंगड्या जनावरांना सर्रास देत. असे जनावर मेले, की ते खाणारी गिधाडे मरत. गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली. म्हणून 2006 साली सरकारने जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. 2023 साली तसल्याच आणखी दोन औषधांवर बंदी आली. त्याऐवजी मेलोक्सिकॅम हे औषध डॉक्टर देतात.

जंतुनाशक इंजेक्शनांचा क्रम अर्धा सोडू नये. आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध डेअरीला घालू नये, घरातही मुलांना देऊ नये.

दारचा कुत्रा

राखणीचा कुत्राही घरचाच. त्याला खरूज झाली, की आपण त्याला हाकलतो. खरूज बरी होते. डॉक्टरकडून औषध घ्यावे. भाकरीबरोबर थोडे वरण, कधी अंडे द्यावे. मात्र कांदा, लसूण आणि चॉकलेट देऊ नये. नान्नज, पंढरपूर भागात आपल्याकडे द्राक्षे पिकतात. द्राक्षे आणि बेदाणे माणसाला चांगले, पण कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. शिजवलेली हाडेही नकोत. त्यांचे टोकदार तुकडे आतड्यात रुततात. कुत्र्याचे वागणे एकदम बदलले, लाळ गळू लागली, तर त्याच्या तोंडात हात घालू नये. चावलाच तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी.

बरे न होणारे दुखणे

काही दुखणी बरी होत नाहीत. जोन्स नावाच्या रोगात गायीला आणि शेळीला जुनाट हगवण लागते. त्यावर खात्रीचा इलाज नाही. अशा जनावराला कळपातून वेगळे ठेवावे. त्याचे शेण दुसऱ्याच्या वैरणीत जाऊ देऊ नये. गाय वारंवार गाभडत असेल, तर रक्त तपासून घ्यावे. तो सांसर्गिक गर्भपात असू शकतो. तो माणसालाही होतो. पडलेला गर्भ आणि वार उघड्या हाताने उचलू नये. खोल खड्ड्यात चुना घालून पुरावे. दूध नेहमी उकळूनच प्यावे.

म्हातारा बैल तरणा होत नाही. पण त्याला मऊ बिछायत, तोंडापाशी पाणी आणि सावली देता येते. बसून राहिलेल्या जनावराची कूस दिवसातून 3-4 वेळा बदलावी, म्हणजे अंगाला जखमा पडत नाहीत. ज्याने वर्षानुवर्षे आपले रान नांगरले, त्याला एवढे देणे लागतोच.

वही घाला

जुनाट दुखण्यात एक अडचण फार मोठी असते. डॉक्टर विचारतात, "केव्हापासून? काय खाल्लं? आधी कोणतं औषध दिलं?" घरधनी म्हणतो, "झाले असतील महिना-दोन महिने." घरधनीण म्हणते, "पोळ्यापासून." औषधाचे नाव कोणालाच आठवत नाही. डॉक्टर तरी काय करणार?

आता तुम्हाला लिहिता येते. एक वही घाला. दहा-बारा शब्दांचे काम आहे. असे लिहा:

सोमवार. कुट्टी अर्धी खाल्ली. पाणी 3 बादल्या. शेण पातळ. दूध 5 लिटर. औषध दिले नाही.

मंगळवार. कुट्टी सगळी खाल्ली. पाणी 4 बादल्या. शेण बरे. दूध साडेपाच लिटर. जंताचे औषध सकाळी दिले.

औषधाचे रिकामे पाकीटही वहीत ठेवा. गोठ्यात ज्याचा हात जास्त असतो, त्याने वही लिहावी. बहुतेक घरांत ती बाईमाणसेच असतात. पंधरा दिवसांनी वही वाचली, की जनावर चढते आहे की उतरते आहे, ते सरळ दिसते.

जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाताना ही वही बरोबर न्या. जनावर हलवण्यासारखे नसेल, तर 1962 या क्रमांकावर फोन करावा. तो फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक आहे. फोन करताना वही उघडून समोर ठेवा आणि जे लिहिले आहे, ते वाचून दाखवा.