सुट्या भागांवर जकात, कॅथेटरला माफी

अमेरिकेत तयार कॅथेटर आयात केला तर मूळ जकात शून्य. पण त्याच्या प्लास्टिकच्या काही सुट्या भागांवर ५.३ टक्के. म्हणजे देशात कारखाना चालवणाऱ्यालाच भुर्दंड! यावर तोड म्हणजे ‘परकीय व्यापार क्षेत्र’. कायदा १९३४चा, तिथे उत्पादनाला मुभा १९५०पासून. क्षेत्र अमेरिकेच्या भूमीवरच, पण जकातीपुरते हद्दीबाहेर. भाग आत येताना पैसे भरायचे नाहीत. मंजुरी असेल तर कॅथेटर बाहेर पडताना त्याचाच दर लागतो, शून्य. निर्यात केला तर जकातीचा प्रश्नच नाही. २०२५च्या वाढीव शुल्कांनी मात्र ही वाट अडवली: त्या शुल्कांच्या कक्षेतील मालाला आत शिरतानाचाच दर चिकटू लागला. उपचाराच्या साधनांना तरी यातून वगळायला हवे होते.