सकाळी साडेसहाचा गजर, सोबतीला कायम एक जण: मॉर्मन मिशनरी दिवसभर करतात काय?

रील्स बघता बघता ही जोडी तुम्हाला कधीतरी दिसली असेल. दोन पोरं, वय एकोणीस-वीस, पांढरा शर्ट, टाय, खिशावर काळी नावपट्टी. जपानमधल्या नाहीतर ब्राझीलमधल्या कुठल्यातरी गल्लीत उभं राहून तिथल्या भाषेत फाडफाड बोलतायत. खाली कमेंट असतेच, "भावा, हे काय विकतायत?"

विकत काहीच नाहीत. हे मॉर्मन मिशनरी. 'मॉर्मन' हे टोपणनाव. संस्थेचं पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स', आणि २०१८ पासून त्यांचा आग्रह आहे की लोकांनी पूर्ण नावच घ्यावं. आपण सोयीसाठी मॉर्मन म्हणू. जोसेफ स्मिथ नावाच्या माणसाने १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात हे चर्च स्थापन केलं. आज मुख्यालय युटामधल्या सॉल्ट लेक सिटीत आहे. जगभर त्यांचे सत्तर हजारांहून जास्त मिशनरी काम करतात आणि त्यातले बहुतेक तुमच्या-माझ्या वयाचे.

मुलगे दोन वर्षांसाठी जातात, मुली दीड वर्षासाठी. कुठे जायचं ते आपण ठरवायचं नाही, चर्च ठरवतं. पगार नाही. उलट खर्च घरच्यांनी उचलायचा. अमेरिकेतल्या कुटुंबांसाठी दरमहा एक ठराविक रक्कम असते, पोरगा महागड्या टोकियोला जावो की पेरूतल्या खेड्यात, रक्कम तीच. निघण्याआधी काही आठवडे ट्रेनिंग. त्यांच्या युटातल्या केंद्रात पन्नासहून जास्त भाषा शिकवतात. त्यामुळे रीलमधलं ते फाडफाड बोलणं म्हणजे चमत्कार वगैरे नाही. आधी क्लास, मग रोज रस्त्यावर चुका करत केलेली प्रॅक्टिस.

आता दिवस कसा जातो ते बघा. ठरलेलं वेळापत्रक असं: साडेसहाला उठायचं, अर्धा तास व्यायाम, आंघोळ, नाश्ता. मग धर्मग्रंथाचा अभ्यास, आधी एकट्याने, मग जोडीदारासोबत. त्यात भाषेचा अभ्यास. दहाच्या सुमारास बाहेर. लोकांना भेटायचं, ठरलेल्या घरी जाऊन शिकवायचं, कुणाचं सामान हलवायला मदत करायची, काही ठिकाणी फुकट इंग्रजीचे क्लास घ्यायचे. नऊ-साडेनऊला खोलीवर परत, उद्याचं नियोजन, साडेदहाला दिवे बंद. २०१७ मध्ये वेळा थोड्या सैल झाल्या, पण साचा तोच. आठवड्यातला एक दिवस कपडे धुणं, भाजीपाला, केस कापणं, घरी ईमेल करणं यासाठी. तोही संध्याकाळपर्यंतच, रात्री पुन्हा काम.

पिक्चर नाही, डेटिंग नाही. स्मार्टफोन असतो, पण कामापुरता. हल्ली दारं ठोठावण्याइतकंच काम फेसबुकवर मेसेज करून होतं. आणि नावसुद्धा बाजूला ठेवायचं. समजा एखादा पाटील गेला, तर तो दोन वर्षं फक्त 'एल्डर पाटील'. एल्डर म्हणजे वडीलधारा. वय एकोणीस! मुलींना 'सिस्टर'.

माझ्या मते या सगळ्यात सगळ्यात अवघड नियम लवकर उठण्याचा नाही, जोडीदाराचा आहे. तो तुम्ही निवडलेला नसतो. त्याच्या नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यातच राहायचं, चोवीस तास. त्याचं घोरणं, त्याचा स्वयंपाक, त्याचा मूड, सगळं तुमच्या वाट्याला. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्यांचा निर्णय येतो, तोवर पटवून घ्यायचं. हॉस्टेलवर रूममेटशी भांडण झालं की आपण निदान चहाच्या टपरीवर तरी निघून जातो. इथे तो टपरीवरही सोबत येणार. (चहा त्यांना चालतच नाही, कॉफीही नाही, तो भाग वेगळा.)

आपल्या शहरातल्या लोकांना यातलं निम्मं ओळखीचं वाटेल. फेब्रुवारी २०१८ मध्ये लिंबेजळगावला तबलिगी जमातचा मोठा इज्तेमा झाला होता, आठवतं ना? जमातमध्ये चाळीस दिवसांचा 'चिल्ला' असतो. स्वतःच्या खर्चाने निघायचं, अंथरूण-पांघरूण सोबत, मुक्काम मशिदीत, स्वयंपाक आपापसात वाटून. मोठा फरक हा की जमातवाले प्रामुख्याने मुसलमानांनाच धर्माचरणाकडे बोलावतात. मॉर्मन पोरं दुसऱ्या धर्माच्या, दुसऱ्या पंथाच्या माणसापुढे उभी राहतात. म्हणून 'नाही' ऐकायची तयारी त्यांना कितीतरी जास्त ठेवावी लागते.

आणि ही गोष्ट फक्त परदेशातली नाही बरं का. असा एक जण १८५२ मध्येच आपल्या महाराष्ट्रात आला होता. ह्यू फिंडले, स्कॉटलंडचा, तिशीच्या आसपासचा. मुंबईत उतरला, तिथल्या वर्तमानपत्रांनी आणि पाद्र्यांनी झोडपलं, मग पुण्याला गेला. तेव्हा रेल्वे नव्हती. मुंबई-ठाणे गाडीच १८५३ ची, बोरघाट तर बैलगाडीने नाहीतर पायी. त्याच वर्षी पुण्यात १६ नोव्हेंबरला विश्रामबाग वाड्यात मुलींच्या शाळांसाठी जोतीराव फुल्यांचा सरकारी सत्कार झाला. म्हणजे शहर कुठल्या घुसळणीत होतं बघा.

पुण्यात फिंडलेने सप्टेंबरपर्यंत डझनभर माणसांची शाखा उभी केली. पण लष्करी अधिकाऱ्यांनी त्याला छावणीत राहू दिलं नाही. आपल्याकडेही छावणी आहे, त्यामुळे याचा अर्थ लगेच कळेल: गोऱ्यांची वस्ती, त्यांची शिस्त, त्यांचंच राज्य. तिथून बाहेर काढलेला गोरा माणूस मग देशी वस्तीकडे वळला आणि मराठी शिकायला लागला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीच छापून झाला होता, नशीब म्हणायचं.

मग घरच्याच बाजूने धक्का बसला. ऑगस्ट १८५२ च्या शेवटी सॉल्ट लेक सिटीत चर्चची परिषद झाली. त्याच परिषदेत जगभर नवे मिशनरी पाठवायचं ठरलं, त्यात भारतासाठीही, आणि त्याच परिषदेत चर्चने जाहीर केलं की आमच्यात पुरुष एकाहून जास्त बायका करतात. ही बातमी जहाजाने हिंदुस्थानात पोहोचली आणि उघडी दारंही बंद व्हायला लागली. निर्णय हजारो मैलांवर झाला, जाब मात्र फिंडलेला द्यावा लागला. (बहुपत्नीत्व चर्चने १८९० मध्ये अधिकृतपणे थांबवलं.)

युटाहून निघालेले तेरा जण तीनेक महिने समुद्रात काढून एप्रिल १८५३ मध्ये कलकत्त्याला उतरले. त्यांची रीत होती सोबत पैसे न घेता फिरायची, लोक देतील ते खायचं. आपल्याला हे नवीन नाही, माधुकरी मागून शिकलेली पोरं तेव्हाच्या पुण्यात घरोघर दिसत. पण साहेबाने असं हिंडणं इंग्रजांना लाजिरवाणं वाटायचं. १८५६ पर्यंत सगळे परतले, मागे मूठभर माणसं राहिली. फिंडलेची पत्रं लिव्हरपूलला जायची, चर्चच्या मासिकात छापून यायची. उत्तराला किती महिने लागत असतील, विचार करा.

आजचा मिशनरी घरी बोलू शकतो, पण तेही अलीकडेच. फेब्रुवारी २०१९ पर्यंत फोन करायची मुभा वर्षातून दोनदा होती, नाताळला आणि मदर्स डेला. एरवी फक्त ईमेल. आता दर आठवड्याला व्हिडिओ कॉल चालतो. या बदलाला उशीर झाला असं मला स्पष्ट वाटतं. एकोणीस वर्षांचं पोर परक्या देशात दिवसभर नकार ऐकतं, आणि आईचा आवाज सहा-सहा महिने नाही? काही जण आजारपणामुळे किंवा मन खचल्यामुळे मुदतीआधी परततात. गावी त्यांच्याकडे 'अर्धवट सोडून आला' म्हणून पाहिलं जातं, आणि ते ओझं काहींना मिशनपेक्षा जड जातं.

भारतात बंगळुरूला १९९३ पासून आणि दिल्लीला २००७ पासून त्यांची मिशन कार्यालयं आहेत. परदेशी माणसाला टुरिस्ट व्हिसावर इथे धर्मप्रचार करता येत नाही, त्यासाठी वेगळा मिशनरी व्हिसा लागतो. त्यामुळे ही जोडी तुम्हाला क्रांती चौकात भेटण्यापेक्षा शिकायला परदेशी गेल्यावर बसस्टॉपवर भेटायची शक्यता जास्त. बोलायचं असेल तर बोला, नसेल तर सरळ 'नको' म्हणा, वाईट वाटून घेणार नाहीत. आणि भेटलीच, तर जोडीदाराशी किती दिवसांपासून पटतंय ते नक्की विचारा, आणि उत्तर आम्हाला व्हॉइस नोटवर पाठवा.